माणूसपणा, अठरा टक्के

दिवसा मी दात बनवते.
पोलंडभरातून आलेल्या अनोळखी जबड्यांवर
पोर्सेलीनचे थर चढवते,
आणि शेवटी मुद्दाम एक पिवळट रेघ सोडते,
कारण निर्दोष दात
लगेच खोटा दिसतो.

रात्री ड्रम बनवते.
वूच शहर, तिसरा मजला, चौदा चौरस मीटर.
पलंगाला खेटून टेबल, टेबलावर लॅपटॉप,
लॅपटॉपच्या पोटात अख्खा एक दगडी हॉल
आणि त्यात मांडलेला ड्रमसेट,
जो आमच्या जिन्यातून कधीच वर आला नसता.

तो कुणीतरी वाजवलाय.
बर्गनला की कुठंतरी, रोजावर आलेल्या एका माणसानं
स्नेअरवर एकच टोला
हळू, जरा कमी हळू, मध्यम, जोरात,
पुन्हा हळू,
दिवसभर.
मधे कॉफी प्यायला असेल. पाठ धरली असेल.
त्याचं नाव कुठंच नाही.
फक्त एका फाइलमध्ये
टोला विरून गेल्यावर
स्टूल करकरतं.
ती फाइल मी बदलत नाही.

माउसनं चौकटी भरत जाते.
सगळे टोले वेळेवर,
इतके वेळेवर की शंका यावी.
एक बटण आहे, 'माणूसपणा'.
मी ते अठरा टक्क्यांवर ठेवते.
टोले मग इकडेतिकडे सरकतात,
पण दारुड्याची नक्कल करणाऱ्या
शुद्धीतल्या माणसासारखे.

गुरुवारी, रात्री अकराला,
कानावर हेडफोन, खोलीत चिटपाखराचा आवाज नाही,
तरी रेडिएटरच्या नळीतून खालून
ठक.
मग दारावर.
गेनोवेफाबाई, दुसऱ्या मजल्यावरच्या,
एक्याऐंशी वर्षांच्या, हातात सूपाचा डाव.
'तुझी टाच,' म्हणाल्या.
मी माफी मागायला लागले. ती पोचली नाही.
तेहतीस वर्षं चोवीस मागांच्या मधे उभं राहून
कान गिरणीला देऊन आलेल्या त्या.
'आवाजाचं नाही गं. आवाज मला कुठला?
पायांना कळतं.
तुझा चौथा मेलेला आहे.'

हेडफोन पुढं केला, घेतला नाही.
स्पीकर फरशीवर पालथा घालायला लावला,
चपला काढल्या,
लोकरी मोज्यातला पाय त्यावर ठेवला,
डॉक्टर पोटावर हात ठेवतात तसा.
'धोटा जातो आणि परत येतो.
जाताना वेगळा, येताना वेगळा.
तुझा नुसता जातोच आहे.'

चौथा टोला मी उशिरा केला.
अकरा मिलिसेकंद.
'अजून.'
एकोणीस.
'अजून. घाबरतेस काय?'
सव्वीस.

काही बोलल्या नाहीत.
डाव मांडीवर, आणि टाच
आपसूक उचलली गेलेली.
'सतरा नंबर,' मग म्हणाल्या.
'हालिनाचा माग. पट्टा सैल होता त्याचा.
मिस्त्रीला आम्ही कुणी सांगितलं नाही.'
का, मी बोटांनी विचारलं.
'त्याच्यावर गाता यायचं.'

सूप करपेल म्हणून गेल्या.

गाणं अजून झालेलं नाही.
बेस कुठं बसवायचा तेच ठरत नाही,
आणि ज्या ओळीवर सगळं उभं आहे ती ओळ
मला आता आवडत नाही.
पण 'सतरा नंबर' नावानं तो ठेका जपून ठेवलाय,
आणि रात्री आळसानं परत
अठरा टक्क्यांवर गेले की
नळीतून ठक येतो.

काल आला नाही.
साडेअकरा. पावणेबारा.
हेडफोन काढून बसले.
खालच्या घराचं दार, पाणी, रेडिओ,
काहीच नाही.
मग मुद्दाम, चुकीच्या चौथ्यावर,
टाच आपटली.
वाट पाहिली.

ठक.

जरासा उशिरा.