दार क्रमांक सतरा

लकडगंजात माझं दुकान. पाटी नाही.
जुनं सागवान कुठं, असं विचारलं
की पानवाला चुना लावता लावता बोट दाखवतो.

काटोल रोडची कोठी मी मार्चात घेतली.
कोठी म्हणजे, जमीन बिल्डरची,
विटा ट्रकवाल्याच्या,
कवेलू रामटेककडच्या एका रिसॉर्टचे.
माझ्या वाट्याला लाकूड:
बेचाळीस दारं, खिडक्या मोजल्या नाहीत,
दिवाणखान्याचं छत,
आणि एक जिना, ज्याची माडी
आदल्याच दिवशी उतरवली होती.

मँगनीजच्या पैशावर उठलेली कोठी, किरपेकर मालगुजारांची.
पणतू मेलबर्नला. सही त्यानं स्क्रीनवर केली.
मागं कुत्रं भुंकत होतं, तो म्हणाला, सॉरी, एक मिनिट,
आणि आम्ही सगळे, वकील, बिल्डर, मी,
ते एक मिनिट त्याच्या रिकाम्या खुर्चीकडं बघत बसलो.

खडूनं मी दारांवर आकडे टाकत गेलो.
सतरावं पश्चिमेचं.
वर वाळ्याच्या तट्ट्यांचे आकडे तसेच,
खाली चौकट काळी, कुजलेली,
नव्वद उन्हाळे कुणीतरी तिथं पाणी मारलेलं.
मी गुडघ्यावर बसलो, नाक लावलं.
वास होता. खोटं कशाला सांगू,
भावात तो धरता येत नाही.

फागूजी मडावी कोठीचा माळी.
पगार बंद होऊन बारा वर्षं झाली होती,
हे त्याला कुणी कळवलं नसावं.
संत्र्यांची सत्तर झाडं जेसीबीनं एका सकाळी काढली,
तो बादली उपडी घालून बसून होता.
शेजारच्या बंगल्यातून बाया येत, फोटो काढत,
एकीच्या डोळ्यांत पाणी.
ती गेल्यावर म्हणाला,
"कोठी पडून रायली म्हून सारे रडून रायले, बापा.
हे लाकूड माह्या आज्याच्या बापानं वढलं,
देवलापारहून, रेंगीत घालून.
तवा जंगल पडलं,
ते कोनाच्या पेपरात आलं होतं?"

मी तंबाखू पुढं केली.
दुसरं काही हाताशी नव्हतं.

एकेक दार गेलं.
चार धरमपेठेच्या डॉक्टरकडं,
सहा वर्धा रोडच्या हॉटेलात,
तिथं ती भिंतीवर ठोकलीत, मागं वीट.
सतरावं कुणी घेईना, खालून गेलेलं.
शेवटी आरा मशीनवर चढवलं.

मधेच आवाज बदलला.
ठिणगी नाही, शिशाला ठिणगी नसते.
बोराच्या बीएवढी गोळी,
लाकडाच्याच रंगाची झालेली,
आणि तिच्याभोवती सागानं
स्वतःला पुन्हा विणून घेतलेलं.
मी वलयं मोजली. मिस्त्री हसत होता. मोजली.
गोळी बसल्यावर ते झाड चौतीस वर्षं उभं होतं,
मग कोठीला लागलं म्हणून पाडलं.
कुणाची गोळी, ठाऊक नाही.
साहेबाचं सांबर हुकलं असेल,
किंवा सांबर नसेल.

ऑक्टोबरात उरलेला चेक घ्यायला गेलो.
पत्र्याच्या कुंपणावर तलावाचं चित्र,
फाटकाशी फागूजी, आता वॉचमन,
निळा शर्ट त्याला दोन माप मोठा.
कुंपणाखालून काटेरी फुटवे बाहेर आले होते.
"संत्रं वरचं कलम," तो म्हणाला, "ते मेलं.
खालची जंबेरी असते, ते मरत नाय.
फळ आंबट येते. लोनच्याले चालते."

मी खिशातून गोळी काढून त्याच्या हातावर ठेवली.
त्यानं ती झेलून पाहिली, दोनदा,
बाजारात माळवं जोखावं तशी.
"ठेवा तुमीच," म्हणाला, "लाकूड इकत घेतलं ना?
त्यातच आली."

गल्ल्यात आहे.
सुटे देताना कधी बोटांत येते.
गिऱ्हाईक हात पुढं करून उभं असतं,
आणि मी ती परत टाकून
खालून नाणं शोधतो.