अठ्ठेचाळीस ळ

दौलतगंजात भदौरियांच्या छापखान्यात
हिंदीची केस होती. तिच्यात ळ नव्हता.
बाबांनी पुण्याहून पार्सलने मागवले,
शिशाचे, बारा पॉइंटाचे, मोजून अठ्ठेचाळीस,
आणि पेपरमिंटच्या डबीत वेगळे ठेवले.

दिगंबर मुळ्ये वीज मंडळात तक्रारखिडकीवर बसत
आणि रात्री मरुत्केतू लिहीत,
जुन्या तक्रारअर्जांच्या पाठकोऱ्या बाजूला:
मरुत्केतूनं डोळे मिटले. कपाळाची शीर ताठली.
दूर डोंगरावर वावटळ थबकली, वळली,
शत्रूच्या छावणीवर कोसळली.
आभाळ काळं. ज्वाळा निळ्या. तळं उकळू लागलं.

बाबांनी स्टिक खाली ठेवली.
"मुळ्ये, एवढ्यातच अकरा गेले."

चार पानांचा फॉर्म, अठ्ठेचाळीस ळ.
त्यातले चार पानांच्या माथ्यावर, लेखकाच्या आडनावात.
"एकतर वादळ ठेवा, नाहीतर डोळे.
दोन्ही परवडत नाहीत."

मुळ्ये रुसले. दोन दिवस फिरकले नाहीत.
मग आले, खोडलेले कागद घेऊन.
वादळाच्या जागी वारा. ज्वाळांच्या जागी आग.
डोळ्यांना त्यांनी नेत्र केलं, वाचून दाखवलं
आणि स्वतःच हसले.
तळं मात्र सोडेनात.
"अहो, तलाव उकळतो का कधी?"

मी दहा वर्षांची. खिळे सोडायचं काम माझं.
छापून झालं की अक्षरं रॉकेलनं पुसायची,
ज्याला त्याला त्याच्या घरात टाकायचं,
ळ डबीत.
अंधारातही बोटांना कळायचा तो.
बाकी सगळी अक्षरं उलटी. हा उलटा असून
जवळजवळ तसाच, शेजारी शेजारी
दोन मिटलेले डोळे.
मला वाटलं, ते जे काय आहे ते ह्याच्यातच आहे.

त्या जूनमध्ये किल्ल्यामागून आंधी आली,
पिवळी, भिंतीएवढी. अख्ख्या लष्करची वीज गेली.
गच्चीवरून गाद्या, पापड, कुणाचं तरी धोतर.
भदौरियाकाका खालून ओरडत होते, भीतर आ, भीतर आ.
मी एक ळ मुठीत धरला. डोळे मिटले.
कपाळाची शीर नेमकी कुठे असते माहीत नव्हतं,
म्हणून दात आवळले.

थांब.

थांबली. तासाभरानं. आंध्या थांबतातच.
पण तोवर माझी मूठ काळी झाली होती
आणि खिळा परत द्यावासा वाटेना.

वीज दोन रात्री आली नाही.
मुळ्ये खिडकीत मेणबत्ती लावून
शिव्या खात बसले होते.
कुणीतरी म्हणालं, तुमच्या त्या केतूला बोलवा की.
त्यांनी तेही रजिस्टरमध्ये लिहून घेतलं.

पुढच्या पुस्तकात, त्र्याहत्तराव्या पानावर,
वादल छापलं गेलं.
बाबांनी डबी तीनदा ओतली, तीनदा मोजली.
सत्तेचाळीस.
शेवटी स्वतःच्या मोजण्यावरच रागावले.
उज्जैनहून एका वाचकाचं कार्ड आलं:
ग्वाल्हेरचं मराठी संपलं.
मुळ्ये ते कार्ड महिनाभर खिशात घेऊन फिरले.
मी बोलले नाही.

ट्रेडल भंगारात गेलं. शिसं किलोनं.
आता कळ दाबली की ळ येतो, हवा तितका,
कुणीही कितीही वादळं उठवावीत.

परवा लू चालली होती. कूलरचं पाणी संपलेलं.
शिवणाच्या डब्यात हात घातला तर बोटांना तो लागला,
गरम, नुकताच कुणाच्या मुठीतून सुटल्यासारखा.
वाऱ्याला काही सांगितलं नाही.
बाबा, अठ्ठेचाळीसच होते,
एवढंच म्हटलं.