पूर्वेची काच

शिवडीला एकोणतिसाव्या मजल्यावर
घर बघायला गेलो तेव्हा दलाल म्हणाला,
"मॅडम, ही भिंत नाही, हा व्ह्यू आहे."
आणि व्ह्यूचे पैसे वेगळे लावले,
चौरस फुटामागे.

खोटं कशाला बोलू, भुललेच मी.
खाली खाडीचा चिखल, त्यावर
गुलालाचं ताट लवंडावं तसे रोहित पक्षी,
पलीकडे तेलाच्या टाक्या, उभ्या-आडव्या क्रेन,
आणि सकाळी सूर्य
दार न वाजवता थेट गादीवर.

पहिल्याच आठवड्यात कळलं
की ह्या घरात खिळ्याला जागा नाही.
दुधाचा हिशेब लिहायचं कॅलेंडर लावू कुठे?
तीन बाजूंना काँक्रीट असलं की ड्रिलची टोकं मोडतात,
चौथ्या बाजूला आभाळ.
श्रीनिकेतने चिकटवायचा हुक आणला,
तो रात्री दोनला सुटला,
अख्खा एप्रिल जमिनीवर.
दादांचा फोटो अजून फ्रिजला टेकून उभा आहे,
बसा म्हणायची वाट बघत असल्यासारखा.

निळा सोफा सहा महिन्यांत
जांभळाच्या धुतलेल्या डागाच्या रंगाचा झाला.
विजेचं बिल मी टेबलावर पालथं ठेवते.
कपडे दर्शनी भागात दिसू नयेत असं सोसायटीचं पत्र आहे,
म्हणून पंचे न्हाणीघरात, कुबट.
शेवटी पडदे शिवले, जाड, दुहेरी अस्तराचे,
एक लाख दहा हजार.
म्हणजे पैसे मोजून भिंत काढली
आणि पैसे मोजूनच परत शिवून घेतली.

मार्चमधल्या एका दुपारी
मी गाऊनमध्ये, मांडीवर मेथीची जुडी,
आणि वरून दोन पाय आले.
मग पट्टा, बादली, मग माणूस.
हेल्मेटवर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं: मुजम्मिल.
मी ओढणी शोधली, मिळाली नाही,
मेथीच धरली छातीशी.
तो सरळ माझ्या डोळ्यांत बघत होता.
मग माझीच मला लाज वाटली.
एवढ्या उन्हात लोंबकळतोय पोरगा,
मी पाण्याची बाटली उंच करून दाखवली,
मान हलवली: हवंय?

त्याने तोंड उघडलं.
बोटाने गाल बाहेर ओढला
आणि मागची, उजवीकडची दाढ
माझ्यासमोर, हातभर अंतरावर,
नीट निरखून बघितली.
काळी पडली होती ती. मला दिसली.
मी त्याला दिसत नव्हते.
बाहेरून दिवसा ही काच आरसा असते,
पुस्तिकेत छापलंय तसं, पान चार.
मी बाटली धरून उभीच.
त्याने गाल सोडला, जिभेने एकदा चाचपलं,
मग माझ्यावर फेस फासला
आणि रबराच्या एका ओढीत
वरून खालपर्यंत मला पुसून
अठ्ठाविसाव्यावर उतरला.

त्या संध्याकाळी दिवा लावला
तशी खाडी गेली.
काचेत फक्त मी, फ्रिज, दादा.
समोरच्या अर्धवट टॉवरमध्ये, कुठल्याशा स्लॅबवर,
एका बल्बखाली कुणी भात शिजवत होतं.
त्याला आता आमचं सगळं दिसत असणार,
डाळीची फोडणीसुद्धा.
पडद्याच्या दोरीवर हात होता माझा.
ओढला नाही. का, ते सांगता येणार नाही.
दिवा तेवढा घालवला, आणि जेवलो
जहाजांच्या उजेडात, चाचपडत,
श्रीनिकेत लोणच्याला भाजी समजला.

आता दुधाचा हिशेब मी काचेवरच लिहिते,
काळ्या मार्करने, कमरेच्या उंचीवर.
पाच तारीख, एक लिटर.
नऊ, दूध नाही.
नऊच्या मागे आज एक तेलवाहू जहाज उभं आहे,
सकाळपासून हललेलं नाही.

दिवाळीआधी पुन्हा सफाई आहे.
काच डोळ्याशी नेऊन कुणी बघितलंच
तर उलटे आकडे दिसतील,
डाग समजून तो घासेल, पुन्हा घासेल,
आणि त्याला कळेल
की हे आतल्या बाजूचं आहे.