वीतभर

गावातली शाळा बंद पडली तेव्हा पृथ्वीचा गोल आमच्या घरी आला,
दक्षिण ध्रुवापाशी जरा चेपलेला.
आईनं त्यावर लाल लोकरीचा दोरा ताणला,
एक टोक सान्तियागोवर, दुसरं ऑकलंडवर,
आणि त्याला वीत लावली.
बरोबर एक वीत.
"एवढंच?" म्हणाली,
आणि जळण आत आणायला गेली.

साडेनऊ हजार किलोमीटरच्या वर आहे, मी मागून ओरडले.
दोरा ताणला की आपोआप खाली सरकतो,
बर्फाच्या अंगानं जातो.
भिंतीवरच्या नकाशात जी वाट सरळ दिसते
ती खरी लांबची.
एलादियो या बर्फाकडच्या वाटेनं गेला
दुसऱ्याच्या चारशे गाई दोहायला.
वीतभर पोटासाठी, असं लोक म्हणतात.
पोट तर इथं चिलोएतही भरत होतं.
त्याला मासे साफ करायचा कंटाळा आला होता.

जाताना तेरा तास, येताना अकरा.
वारा येणाऱ्याच्या बाजूनं असतो.
बाबा विमानात कधी बसले नाहीत, पण
होड्या बांधणाऱ्याला वारा समजावून सांगावा लागत नाही.
ते अंतर पाण्यावर मोजायचे,
केउई बेट म्हणजे अर्धी ओहोटी,
आचाओ एक भरती.
आणि एलादियो?
"एक भरती, एक ओहोटी. जवळच आहे."

त्या बुधवारी सकाळी अकराला बाबा गेले.
एलादियोच्या तिकिटावर छापलं होतं:
ऑकलंडहून निघणे, बुधवार, संध्याकाळी सहा.
सान्तियागोला पोचणे, बुधवार, दुपारी एक.
आई नंतर ते तिकीट चुलीच्या उजेडात धरून बसली.
निघायच्या पाच तास आधी पोचतो माणूस
आणि तरी त्याला उशीर होतो?
तिनं बोटं मोडून हिशेब केला.
"हे गेले अकराला. हा निघाला सहाला.
म्हणजे निघताना त्याला माहीत असणार.
मग फोनवर बोलला का नाही?"

मी वार, रेषा, सोळा तासांचा फरक असं बरंच काही बोलले.
खरं एवढंच होतं की
तो निघाला तेव्हा आमच्याकडे रात्रीचे दोन वाजले होते
आणि बाबांनी पाणी मागितलं होतं.
श्वास थांबला तेव्हा तो हवेत होता,
खाली नुसतं पाणी,
समोरच्या पडद्यावर इवलंसं विमान
राहिलेले तास दाखवत: दोन.
त्यानं तेव्हा संत्र्याचा रस मागून घेतला होता.
हे तो दर वेळी सांगतो.

पुढं पुएर्तो मोन्तपर्यंत दुसरं विमान, मग बस,
मग चाकाओची फेरीबोट, जी वाऱ्यानं अडकली.
तीन किलोमीटर पाणी.
पलीकडचे दिवे दिसत होते.
तिथं तो सव्वाचार तास उभा होता.
त्या नऊ हजारांबद्दल तो काही बोलत नाही,
या तीनांबद्दल बोलतो.

परत निघाला रविवारी रात्री, उतरला मंगळवारी पहाटे.
मधल्या सोमवारी आम्ही बाबांचे बूट
शेजारच्या रेनेला मान्सियाच्या नवऱ्याला दिले.
त्याला ते नीट झाले. डोळे पुसून तो दारातच चालून बघत होता.
एलादियोच्या आयुष्यात तो सोमवार आलाच नाही.

आई मोजे विणत होती.
डाव्या मोज्याच्या टाचेपाशी राखाडी लोकर संपली.
ती उठली, गोलावरचा लाल दोरा सोडवला,
त्याची एक ओळ झाली, तीही अपुरी.
उरलेलं काळ्यानं पुरं केलं.

पार्सलला एकोणीस दिवस लागले.
त्यातला कुठलाच वार हरवला नाही.
एलादियोचा निरोप आला:
मोजे बसले. उबदार आहेत.
डावा टाचेला जरा टोचतो,
गाठ राहिली असेल.