विनीबाईचा डावा हात

भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटात
शनिवारी इंग्रजी पिक्चर लागायचा.
पार्सलच्या डब्यातून पत्र्याचे गोल डबे उतरायचे,
हमाल ते केळीच्या घडांशेजारी टेकवून ठेवायचे
आणि माझे वडील, मधुकर झांबरे, मशीन ऑपरेटर,
सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधून आणायचे
लंडनची बाई.

विनिफ्रेड आशकोम.
आमच्या घरात विनीबाई.

वडिलांचं इंग्रजी स्टेशनापुरतं:
अप, डाऊन, लेट, कॅन्सल.
तिचं बोलणं त्यांनी कधी ऐकलंच नाही.
केबिनच्या चौकोनी भोकातून
ते तिचे हात बघायचे.
कार्बनच्या कांड्या जळायच्या, मे महिना बाहेर थांबून असायचा,
खाली पंख्याखाली गार्डसाहेबांच्या मडमा
आणि मागच्या बाकांवर आम्ही, फुकट.

रात्री बनियन पिळता पिळता आईला सांगायचे,
"आज नर्स झाल्ती. पट्ट्या धुवू राह्यली होती.
पण पिळायची रीत पाह्यली का?
ही बाई एक दिवस खून करीन."

दोन वर्षांनी तिने केला.
शाळामास्तरीण झाली होती, चष्मा, करड्या रंगाचा कोट,
चहात काहीतरी ढवळलं, तीन वेळा, डाव्या हाताने,
आणि चमचा कपाच्या काठावर न वाजवता ठेवला.
आई त्यानंतर कित्येक दिवस
डिकॉस्टाबाईंकडचा चहा
"उपास आहे" म्हणून टाळायची.

मग ती राणी झाली.
त्या रात्री वडिलांकडून डबे उलटसुलट लागले,
राणी आधी मेली, मग तिचं लग्न झालं.
कुणाला काही कळलं नाही, शेवटी टाळ्यासुद्धा पडल्या.
आयुष्यात एकदाच चूक झाली, तीही तिच्या पिक्चरला,
म्हणून ते जेवले नाहीत. पण झोपताना म्हणाले,
"मुकुट चावतो तिले. कुणी पाहत नसलं का
मानेले खाजवते. डाव्या हातानंच."

अजून पुष्कळ झालं. दीपगृहाच्या रखवालदाराची बायको,
गिरणीतली मुकादम, एकदा तर नुसती एक प्रवासी,
दोन मिनिटं, खिडकीशी,
तिकीट हरवलेली.
वडिलांनी ती दोन मिनिटं
चारही खेळांना उभ्याने पाहिली.
बक्षिसं वगैरे तिला मिळाली म्हणतात.
आमच्याकडे पेपर संध्याकाळी यायचा, त्यात नव्हतं.

इन्स्टिट्यूटचं मशीन भंगारात गेलं.
वडिलांच्या डोळ्यांतलंही, हळूहळू.

परवा जळगावात, माझ्या फ्लॅटवर,
मोबाइलवर तिचा शेवटचा पिक्चर लावला.
ती आता म्हातारी, खुर्चीत, सगळं विसरलेली,
मुलगा समोर बसून तिला नाव विचारतो, स्वतःचं.
वडील भिंतीकडे तोंड करून बसलेले.

"काय करू राह्यली?"
काही नाही, बाबा. बसलीय.
"हात?"
मांडीवर.
"दोन्ही?"

मी थांबवलं, मागे घेतलं, स्क्रीन डोळ्यांशी धरला.
शालीच्या खाली, अगदी काठाशी,
डावा अंगठा बोटांवरून फिरत होता,
करंगळीपासून पुन्हा करंगळीपर्यंत,
भाजीवाली हिशेब करते तसा.

सांगितलं.

ते हसले नाहीत. फक्त मान हलवली,
वरिष्ठाने बिल तपासून परत द्यावं तशी,
आणि म्हणाले, "मंग तिले माहीत आहे त्याचं नाव.
सांगत नाही, बस."

पिक्चर पुढे चालू राहिला.
वडिलांचा उजवा हात मात्र
मध्येच उचलला गेला, हवेत, दुसऱ्या मशीनच्या खटक्याकडे,
जिथे आता माझं कपड्यांचं स्टँड असतं,
त्यावर वाळत घातलेली उशीची खोळ त्यांच्या बोटांना लागली
आणि त्यांनी ती, असू दे म्हणून,
नीट घडी करून मांडीवर ठेवली.