काटा

रेवणसिद्ध बाटली घेऊन आला,
निळी, शेजारच्या सीटवर, पट्टा लावलेली.
मी म्हटलं, माणूस बसला असता तर
लावला असतास का रे पट्टा?
तो हसला. अक्कलकोट रोडवर शेडचा पत्रा कडकडत होता,
एप्रिल, दुपारचे दोन, चव्वेचाळीस.

गाडी जपानी. पिस्टन नाही हिच्यात.
एक फुगीर त्रिकोण फिरतो पोटात,
त्याच्या तीन टोकांना तीन पट्ट्या,
बोटभर लांब, नखापेक्षा थोड्या जाड.
तेवढ्यावर सगळी इज्जत.

"आजच बसव की. बटण दाबायचं न् सुटायचं."
"थांब बे. आधी पंप बघू दे."

पंप टाकीत बुडालेला, तीस वर्षांचा,
जाळीवर शेंगाचटणीसारखा मळ.
पाइप काढून डब्यात सोडला,
मुस्तकीमनं मोबाईलवर मिनिट लावलं.
धार आधी ताण्यासारखी सरळ,
चाळीस सेकंदांनी वाकली.
"बघितलंस? ही आत्ताच अर्धपोटी आहे,
आणि तू वरून वारं पाजणार."

वारं म्हणजे भूक, हे त्याला कळेना.
जेवढं कोंबशील तेवढं पेट्रोल मागणार,
नाही वाढलंस तर आग ताटच खाते,
आधी पट्टी, मग भिंत,
मग रात्री दोनला फोन, विजापूर रोडवरून, मला.

चादरीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर हिशेब मांडला:
मोठा पंप, जाड लाइन, इंजेक्टर, रेग्युलेटर.
त्यानं फक्त खालची ओळ वाचली.
"बाटलीपेक्षा जेवणच महाग की ओ."
"असतंच."

तीन आठवड्यांनी आला.
मनगटावर घड्याळाचा गोरा पट्टा होता,
घड्याळ नव्हतं.

सगळं बसवून झाल्यावर हातात उरली
सुपारीएवढी पितळी वस्तू, दोन वायरींची.
"ह्यानं ताकद किती वाढते?"
"शून्य. हे फक्त नाही म्हणतं."
"मग कशाला पैसे?"

नायना डबा घेऊन आले होते, स्टुलावर बसलेले.
एकतीस वर्षं साच्यांचे जॉबर,
धोट्यांच्या खडखडाटात कान देऊन आलेले.
आमचं काही ऐकू आलं नसणार त्यांना.
वस्तू उचलली, फिरवली, वायरी कुठं जातात पाहिलं,
गेजकडं बघितलं
आणि म्हणाले, काटा आहे हा.
बाणा तुटला की काटा पडतो, साचा थांबतो.
थांबला नाही तर?
साचा धावतो रे, जोरात धावतो,
कापड मात्र नसतं.

रेवणसिद्ध गप्प बसला. वायर मीच जोडली.

बंद सूतगिरणीच्या आवारात सरळ रस्ता आहे,
वॉचमन ओळखीचा. रात्री अकरा.
पहिल्या धावेला बाभळी मागं उडाल्या.
दुसऱ्या धावेला रेवणसिद्ध ओरडला, कशासाठी कोण जाणे.
तिसऱ्या धावेत अर्ध्या वाटेवर
कुणीतरी मागून कॉलर धरावी तशी गाडी मंदावली.
"गेलं! इंजिन गेलं, वाटोळं झालं!"
दार उघडून खाली बसला, डोकं धरून.

नायना उठले.
बॉनेटच्या कडेवर तळवा ठेवला,
मला खूण केली, नुसता स्टार्टर मार.
डोळे मिटून ओठांतल्या ओठांत
ओकटी, रेंडू, मूडू.
ओकटी, रेंडू, मूडू.
तिन्ही सारखे, म्हणाले. जेवून घ्या आता.

काहीच गेलं नव्हतं.
जुन्या टाकीचा गंज नव्या फिल्टरमध्ये येऊन बसला होता,
दाब पडला, पितळेनं नाही म्हटलं, एवढंच.
रेवणसिद्धला हे दोनदा सांगावं लागलं.
मुस्तकीमनं टॉर्च धरला,
मी फिल्टर ओंजळीत उलटा केला.
तांबूस भुकटी, आणि पेट्रोल,
त्या उकाड्यात उडून जाताना
हात गार करत गेलेलं.