पत, लघुलिपीत

लघुलिपीत स्वर गाळतात.
पत, पोत, पीत: रेघ तीच.
ओळीच्या वर आहे, ओळीवर आहे की ओळीखाली,
एवढ्यावरून ओळखायचं.
एकतीस वर्षं ओळखत आलोय.
चुकलो तर दुरुस्ती माझ्याच सहीने, त्याच संध्याकाळी.

बुधवारी विधान भवनात, समितीच्या खोलीत
साक्षीला आल्या इंदुमती गंगाराम पाल्येकर.
घोडपदेवला मसाला कांडतात.
त्यांनी फाइल टेबलावर ठेवली
आणि अवर सचिवांना लागोपाठ दोन शिंका आल्या.
मिरचीचा खकाणा, कागदांच्या घड्यांत बसलेला.
शिंकेला आमच्याकडे चिन्ह नाही.

दुसरा डंख घ्यायचा होता. बँकेने आकडा दाखवला,
पाचशे बारा.
विरारच्या कुणा इंदुमती पाल्येकरने मोटारसायकल घेतली,
हप्ते बुडवले,
आणि ती येऊन उभी राहिली ह्यांच्या नावाखाली.
"मला साधी सायकल येत नाही, साहेब."
'हशा' असं कंसात लिहितात. लिहिलं.

पतमाहिती कंपनीचा माणूस म्हणाला,
बँक जे पाठवते तेच आम्ही दाखवतो.
बँकेचा म्हणाला, दुरुस्ती तर आम्ही केव्हाच पाठवली.
दोघांच्या मध्ये पाण्याचा ग्लास,
कुणीच न उचललेला.
अकरा अर्ज. बाईंनी एकेक पोच उलगडून ठेवली,
ग्लास सरकवून जागा केली.

मग विधी विभागाचे अधिकारी उठले.
सातवी अनुसूची, पहिली यादी, नोंद पंचेचाळीस:
बँका केंद्राच्या.
दुसरी यादी, नोंद तीस: सावकारी राज्याची.
पतमाहितीचा कायदा दिल्लीचा, महोदय,
आपण फार तर पत्र लिहू.

बाई ऐकत होत्या,
काट्यावर दुसऱ्याचं वजन बघावं तशा.
"म्हणजे नाक्यावरचा दहा टक्केवाला तुमचा,
बँक त्यांची.
मग ज्या चुकीपायी बँकेतून उठून
मी त्याच्या दारात गेले,
ती कुणाच्या यादीत?"

शेवटच्या खुर्चीतले सन्माननीय सदस्य
ह्यावर एक शब्द बोलले.
तो इथेही लिहीत नाही.
समितीप्रमुख म्हणाले, कामकाजातून काढून टाका.
मी रेघ मारली.

बाई माझ्या पेन्सिलीकडे बघत होत्या.
"निघाला?"
साक्षीदाराशी बोलायची आम्हाला मुभा नाही.
मान हलवली.
"एवढ्यात?"

चहा आला. बिस्किटं आली.
दिल्लीला पत्र लिहायचं ठरलं,
मसुदा पुढच्या बैठकीत.
बाईंनी पोचा गोळा केल्या, तारखेप्रमाणे लावल्या,
लिफ्ट कुठे म्हणून शिपायाला विचारलं
आणि जिन्याने गेल्या.

रात्री घरी वही उघडून बसलो. लिप्यंतर.
सगळं नीट लागलं, एक वाक्य सोडून.
बाई म्हणाल्या होत्या, दहा टक्केवाल्याच्या आधी,
त्या पावसाळ्यात, मुलीच्या फीच्या वेळी,
माझी प-त मोडली.

रेघ स्पष्ट आहे. जागा नाही.
अर्धी ओळीवर, अर्धी घसरलेली;
नेमकी शिंकेच्या वेळी हललेली दिसते.
गळ्यातली पोत मोडली सराफाकडे,
की पत मोडली?
दोन्ही मोडता येतात मराठीत.
दोन्ही मोडल्याच असणार,
फक्त आधी कोणती, ते अहवालात यायला हवं.

ध्वनिफीत आहे. उद्या मागवून ऐकता येईल,
तीन प्रतींत अर्ज करून.
तूर्त पेन्सिलीने 'पोत' लिहिलंय.
खोडरबर जवळच आहे, माझ्या हाताशी.
माझ्या.